पुढच्या भागात काय होणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दुपारी सगळ्यांना गोष्ट वाचून दाखवता ना, मग त्याच्यावरच चार शब्द बोला." तेवढे मला येईल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या पावसाळ्यापासून बचत गटाचे पैसे गोळा झाले की आम्ही दहाअकरा जणी आमच्या पडवीत बसतो. कोणी तांदूळ निवडते, कोणी लसूण सोलते, आणि मी मोबाईलवरची कादंबरी मोठ्याने वाचते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. 'प्रतिलिपी' नावाचे एक ठिकाण मोबाईलवर आहे. ते बंगळूरच्या मंडळींनी २०१४ साली काढले. तिथे मराठीतही कथा-कादंबऱ्या येतात. लिहिणारे पुष्कळसे तुमच्याआमच्यासारखेच, घरचे काम आवरून लिहिणारे. कादंबरी एकदम सगळी येत नाही, तुकड्यातुकड्याने येते. एक भाग वाचायला पाचसात मिनिटे लागतात, आणि नेमका पेच पडला की 'क्रमशः' येते. खाली वाचणाऱ्याला तारे देता येतात, आपले मत लिहिता येते, आणि लिहिणारी ते वाचते, कधी कधी उत्तरही देते. पूर्वी मासिकाला पत्र पाठवून महिनाभर वाट बघावी लागे. आता भात शिजायच्या आत उत्तर!

या वाचनाच्या निमित्ताने आपल्या बायकांचे किती तऱ्हेचे स्वभाव मला दिसले! एकीला शेवट आधी कळल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरी प्रत्येक भागाला नायिकेच्या सासूवर चिडते आणि घरी जाऊन स्वतःच्या सासूशी दोन दिवस नीट बोलत नाही. कादंबरीतला नायक इस्पितळात होता तेव्हा आमच्यातल्या एका बाईंनी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नारळ बोलून ठेवला. पुढे लेखिकेने नायकाला वाचवले नाही. आता तो नारळ चैत्राच्या जत्रेत द्यायचा की नाही, यावर आमच्याकडे एक अख्खी दुपार गेली. शेवटी असे ठरले की, देवीने नव्हे, लेखिकेने ऐकले नाही, तेव्हा नारळ देवीचा देऊन टाकावा.

तुम्ही हसलात, पण हे वेड काही मोबाईलने आणलेले नाही. इंग्लंडात शेरलॉक होम्स नावाचा गुप्त पोलीस एका मासिकातल्या गोष्टींत होता. १८९३ साली लेखकाने त्याला मारून टाकले, तेव्हा वाचकांनी रागारागाने पत्रे लिहिली. दहा वर्षांनी, १९०३ साली, लेखकाला त्याला जिवंत करून परत आणावे लागले. आपल्या गुजराती शेजारणींना विचारा, त्या 'सरस्वतीचंद्र'ची गोष्ट सांगतील. गोवर्धनराम त्रिपाठींनी तिचा पहिला भाग १८८७ साली काढला आणि चौथा, शेवटचा, १९०१ साली. चौदा वर्षे! पहिल्या भागाच्या वेळी कुमारिका असलेल्या वाचकबाईच्या मांडीवर शेवटच्या भागाच्या वेळी दोनतीन मुले असतील. आणि एवढी वाट पाहून काय, तर विधवा झालेल्या कुमुदचे सरस्वतीचंद्राशी लग्न होत नाहीच. तो तिच्या धाकट्या बहिणीशी, कुसुमशी, लग्न करतो. हे योग्य झाले का, यावर लोक पुढे कित्येक वर्षे वाद घालत राहिले.

मराठीत तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकात अशीच भागाभागांनी आली. तिच्यात यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. नवरा मरतो आणि शंकरमामंजी तिचे केशवपन करवतात. मी ती कादंबरी ग्रंथालयातून आणून वाचली आहे. तो भाग वाचला त्या रात्री मला जेवण गेले नाही. ज्या बायकांनी तो भाग त्या आठवड्यात ताजा वाचला असेल, त्यांच्या घरात तर तशीच एखादी आत्या, एखादी काकू लाल आलवण नेसून चुलीपाशी बसलेली असणार. पुस्तक वाचता वाचता मान वर केली की समोर ती.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे आमच्या पडवीत झालेला तंटा. त्याबद्दल मला आज मोकळेपणाने बोलायचे आहे.

आम्ही वाचत होतो त्या कादंबरीचे नाव मी सांगत नाही, कारण लेखिकेला विचारलेले नाही. तर त्यात नायिकेचा नवरा वारतो. तिला तीन वर्षांची मुलगी. धाकटा दीर गोड बोलून तिच्याकडून कागदावर सह्या घेतो आणि जमीन आपल्या नावावर करतो. ती शिवणकाम करून दिवस काढते. पंधरावीस भागांनंतर नवऱ्याचा एक मित्र तिला लग्नाचे विचारतो. माणूस चांगला, मुलीवर जीव असलेला. आणि ती म्हणते, "मला विचार करायला आठ दिवस द्या." तिथे 'क्रमशः'.

त्या दुपारी तांदूळ तसेच राहिले! आमच्या अकरा जणींतल्या सात जणी नायिकेवर उखडल्या. इतक्या लवकर नवऱ्याला विसरली? मुलीचे काय? लोक काय म्हणतील? हे 'लोक काय म्हणतील' ऐकून मला गंमत वाटली, कारण लोक म्हणजे तिथे आम्हीच होतो. आम्ही चौघी तिच्या बाजूच्या. पाड्यावरून एक वारली आजी ऐकायला येतात. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकलेले सगळे ध्यानात असते. त्यांना तर भांडण कशाचे तेच कळेना. त्यांच्यात नवरा मेलेल्या बाईने पुन्हा घर करणे ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यांनी एवढेच विचारले की तो माणूस कष्टाळू आहे का आणि दारू पितो का. माझ्या मते सबंध दुपारीत शहाणा प्रश्न तेवढाच झाला.

मोबाईलवर खाली लोकांनी काय काय लिहिले, तेही मी वाचून दाखवले. शेकडो मते होती आणि बहुतेक नायिकेच्या विरुद्ध. लिहिणाऱ्या नावांवरून बायकाच जास्त. तिचे पहिले प्रेम खोटे होते, लेखिकेने कादंबरी बिघडवली, आम्ही पुढे वाचणार नाही, असे. आणि माझ्या मनात एकच आले की, ज्या भागात दिराने जमीन लुबाडली, त्याच्याखाली इतका राग कोणी का लिहिला नव्हता? तिथे दहावीस जणींनी 'फार वाईट झाले' म्हटले होते, बस्स. चोरी केली त्याला 'वाईट झाले', आणि आठ दिवस विचार करायला मागितले तिला एवढ्या शिव्या!

पुढचा भाग आला. नायिकेने नकार दिला. नवऱ्याच्या फोटोसमोर दिवा लावला आणि आयुष्यभर एकटी राहण्याचे ठरवले. खाली ताऱ्यांचा पाऊस. आमच्यातल्या सात जणींनी समाधानाने लसूण पुढे ओढला. लेखिकेने भागाच्या शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या की, वाचकांच्या भावनांचा मान राखून आपण कथेचे वळण बदलले आहे.

आमच्या पडवीत एक बाई नेहमी कोपऱ्यात, खांबाला टेकून बसतात. वय पस्तीसही नसेल. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अपघातात गेले. हे मी त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे, त्या इथे समोरच बसल्या आहेत. त्या कधी बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "तिने नाही म्हटले नाही. तुम्ही तिला नाही म्हणायला लावलेत." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "मला लग्न करायचे नाही. पण संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू असते तेव्हा मी घरी बसून हॉलमधला लाऊडस्पीकर ऐकते. वाण लुटायच्या पिशव्या आदल्या दिवशी मीच भरलेल्या असतात."

भगिनींनो, पिशव्या त्यांनीच भरल्या होत्या हे खरे आहे.

कोणी त्यांना 'येऊ नका' म्हटले नव्हते, हेही खरे. पण आमंत्रणाची यादी सवाष्णींची असते. ती कोणी केली, कधी केली, कोणी विचारीत नाही. यमूच्या केसांसाठी आपण रडतो. तिला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, आणि रडायला काही खर्च नाही. पण रडणे पुस्तकापुरतेच राहिले तर काय होते ते बघा. यमूची गोष्ट छापली जात होती त्याच काळात, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केले. आज आपण त्यांना महर्षी म्हणतो, पण तेव्हा त्यांच्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

आणि फार लांब कशाला जायचे? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, जोडवी काढणे या चाली गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे उदाहरण घ्यायला कळवले. तेही आपल्यासारखेच गाव. आपले तर नुसते मंडळ आहे, ग्रामपंचायतही नव्हे. एका यादीचा प्रश्न आहे.

मी कादंबऱ्यांच्या विरुद्ध बोलते आहे असे कोणी समजू नये. मला तर वाटते, हे वाचन झाले नसते तर त्या बाई आणखी दहा वर्षे खांबाला टेकून गप्प राहिल्या असत्या. शेजारणीबद्दल जे तोंडावर बोलवत नाही, ते नायिकेबद्दल आपण बिनदिक्कत बोलतो. म्हणून कोणाच्या मनात काय आहे ते तिथे बाहेर येते. कधी कधी ते ऐकायला बरे नसते, पण ऐकलेले बरे.

आमच्यातल्या सात जणींपैकी तिघींनी नंतर मत बदलले. चौघी अजून आपल्या मतावर आहेत. त्यांचाही मला आदर आहे, त्यांतल्या एक माझ्या सख्ख्या जाऊबाई आहेत. त्या म्हणतात, गोष्टीत काय ते होऊ दे, रीत ती रीत. आमचे रोज बोलणे होते, भांडण नाही. तरी वाचायला त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

लेखिकेला आम्ही सगळ्यांच्या विचाराने मत लिहून पाठवले. अक्षर... चुकले, टंकलेखन माझ्या मुलीने केले. आम्ही लिहिले की, बाई, तुम्हाला पहिल्यांदा जे सुचले होते ते लिहा. शेवट गोड नको असेल तर नको, पण नायिकेने मागितलेले आठ दिवस तिला मिळू द्या, ते वाचकांनी वापरू नयेत. लेखिकेने उत्तर दिले आहे. म्हणाल्या, "सरावलीच्या पडवीला नमस्कार. मला थोडा वेळ हवा." गेले तीन आठवडे नवा भाग आलेला नाही. आमच्या नारळवाल्या बाई रोज विचारतात.

कार्यकारिणीपुढे मी एक अर्ज ठेवला आहे की, येत्या संक्रांतीच्या आमंत्रणात 'सुवासिनी' हा शब्द काढून 'गावातील सर्व स्त्रिया' असे छापावे, आणि हळदकुंकू, तिळगूळ, वाण सर्वांना एकाच रांगेत द्यावे. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे नसेल त्यांच्यावर सक्ती नाही. अर्जावर आतापर्यंत एकोणीस सह्या आहेत. सातवीची परीक्षा दिली त्यानंतर एवढे मोठे लिखाण मी आजच केले. अर्ज त्या टेबलावर, हजेरीच्या वहीखाली ठेवला आहे. पेनही तिथेच आहे.