रीत माणसाला घडवते की माणूस रीतीला?

(तालुक्याच्या युवा शिबिरात आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवून घेतलं आहे.)

 

मला सांगितलं, तू समाजशास्त्रावर बोल. मी काय प्रोफेसर नाय. आश्रमशाळेत राहून बारावी आर्ट्स केली, त्यात हा विषय होता. पाठ करून पास झाले. तेव्हा समजलं काहीच नव्हतं. समजलं ते घरचा वनहक्काचा दावा भरताना. म्हणून मी तिथूनच सुरू करते, पुस्तक मागाहून काढू.

दाव्याला पुरावा लागतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन आपण कसतो, याचा. तोही एक नाय, एकापेक्षा जास्त. आमच्या पाड्यात फॉर्म भरायला बसलो तेव्हा शेजारच्या काकांनी पत्र्याची पेटी आणली आणि त्यातून दंडाच्या पावत्या काढल्या. जंगलखात्याने त्यांच्यावर अतिक्रमणाची केस केली होती, दंड घेतला होता. एक पावती तर चार तुकडे झालेली, भाताच्या शिताने चिकटवलेली. ज्या कागदाने त्यांना चोर ठरवलं तोच कागद आता सांगत होता, की हा माणूस तेव्हा इथेच नांगर धरून होता.

मी बाबांना म्हटलं, आपल्या पावत्या काढा. बाबा म्हणाले, "आपल्यावर कधी केस झाली नाय." मान वर करून म्हणाले. मला पण तेव्हा बरं वाटलं. मग डोक्यात आलं, का झाली नाय? कारण दरसाल नागली लावायच्या आधी गार्ड यायचा आणि बाबा त्याला कोंबडी द्यायचे. कोंबडीची पावती मिळत नाय.

आता काल इथे चर्चा झाली ती आठवा. दोन-तीन पोरं म्हणाली, आपले म्हातारे घाबरट होते, म्हणून आपली ही दशा. त्यावर बायांच्या गटातून उत्तर आलं, त्यांचा काय दोष, व्यवस्थाच तशी होती. मी गप्प बसले होते. पण मला वाटलं, हेच भांडण पुस्तकात शंभर वर्षं चालू आहे.

फ्रान्समध्ये एमिल दुर्खाइम नावाचा विचारवंत झाला. त्याने 1895 साली लिहिलं, की समाजाच्या रीती माणसाच्या आधीपासून असतात, त्या बाहेरून त्याला दाबतात, त्यांना वस्तूसारखं मानून तपासा. म्हणजे आपण जन्मलो तेव्हा पाडा होता, देव होते, जंगलखातं होतं, 1927 चा जंगल कायदा होता. आपल्याला कोणी विचारलं नाय. तिकडे जर्मनीत मॅक्स वेबर म्हणायचा, माणूस जे करतो त्याला त्याच्या मनात काय अर्थ आहे ते आधी समजून घ्या. बाबांनी कोंबडी दिली ती कशासाठी? लाच म्हणून? नाय. त्यांच्या मनात होतं, पोरांच्या तोंडचा घास एक वर्ष वाचला. मार्क्सने त्याच्याही आधी, 1852 साली, दोन्ही बाजू धरल्या होत्या. त्याचं म्हणणं असं, की इतिहास माणसंच घडवतात, पण मनाला येईल तसा नाय. मागच्यांनी जे ठेवलंय त्याच्यातूनच घडवावा लागतो.

आणि इंग्लंडचा अँथनी गिडन्स, त्याचं पुस्तक 1984 सालचं. मी ते वाचलेलं नाय. शिबिराला येणाऱ्या एका सरांनी आम्हाला समजावलं. तो म्हणतो, रीत आणि माणूस अशा दोन वेगळ्या वस्तू समोरासमोर ठेवून बघूच नका. रीत आपण पाळतो तेव्हाच ती जिवंत राहते. भाषेचं बघा. आपली वारली बोली मी बनवली नाय, माझ्या आजीने पण नाय. तिच्याशिवाय मला बोलता येणार नाय, म्हणजे ती मला बांधते आणि तीच मला तोंड पण देते. पण आश्रमशाळेत लाजून आम्ही पोरांनी बोलणं सोडलं, तर कायदा न करता, कोणी न मारता ती संपेल.

हे ऐकलं आणि मला कोंबडी दिसायला लागली. 1927 च्या कायद्यात कोंबडी कुठेच लिहिलेली नाय. कायद्याने एवढंच केलं, की आपल्याच जमिनीवर आपल्याला गुन्हेगार केलं आणि केस करायची ताकद गार्डच्या हातात दिली. कोंबडीची रीत त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मिळून बसली. आमच्या घरात एक तलंग वेगळी राखायचे. लहानपणी मी तिला दाणे टाकलेत. आम्ही पोरं म्हणायचो, ही गार्डची. सणाला पाहुणे आले तरी ती कापायची नाय. घरात नवी सून आली की तिला चूल दाखवायची, पाणी दाखवायचं, आणि गार्डची कोंबडी दाखवायची. बाबांनी एक कोंबडी देऊन एक वर्ष सोडवलं, ते खरं आहे, त्यात अक्कल होती. पण त्याच कोंबडीने पुढच्या वर्षाची कोंबडी पक्की केली, आणि शेजारच्या घराचीही. ज्याच्याकडे नव्हती त्याच्यावर केस. आमचे पेटीवाले काका काय फार शूर होते असं नाय बरं का. त्यांच्या कोंबड्या मरीत गेल्या होत्या आणि माणूस तापट.

आता म्हणाल, मग सुटायचं कसं? आपल्याच भागातलं सांगते. डहाणू, उंबरगाव, तलासरी. तिथे वेठ होती. जमीनदार बोलवेल तेव्हा जायचं, फुकट राबायचं. आणि लग्नगडी होते. लग्नाला सावकाराकडून पैसे काढले की नवरा त्याचा गडी, बायको पण त्याच्याच कामाला, आणि कर्ज काही फिटत नाय. इथे जरा थांबा. सावकारी त्याची होती, पण लग्नात खर्च करायची, मुलीचं देज द्यायची रीत आपली होती. त्याचा फास आपल्या मांडवाला बांधलेला होता. आणि आपल्या लोकांनी त्यातूनही वाट काढली होती. कितीतरी जोडप्यांनी आधी घर मांडलं, पोरं झाली, लग्न लावलं वीस-पंचवीस वर्षांनी, कधी पोराच्याच मांडवात. बाहेरचे हसतात याला. मला त्यात कर्ज टाळायची हुशारी दिसते.

वेठ चुकीची आहे हे सरकारला माहीत नव्हतं असं नाय. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल 1939 मध्ये छापून आला, त्यात आदिवासींच्या गुलामीचं सगळं लिहिलेलं होतं. अहवाल दप्तरात राहिला. मग 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. आपल्याकडचे थोडेच वारली गेले होते. त्यांनी तिथे पाहिलं, की शेतकरी उभा राहून बोलतो आणि त्याला कोणी मारत नाय. 23 मे 1945 ला झरी गावात हजारो जमले आणि ठरलं, वेठ करायची नाय, रोज बारा आणे मिळाल्याशिवाय मजुरीला जायचं नाय. शामराव आणि गोदावरी परुळेकर बरोबर होते. गोदुताईंनी पुढे "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात हे सगळं लिहिलं. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच जण मेले, जेठ्या गांगड त्यातले. लोक मागे हटले नाय. वेठ गेली.

मला यातलं एक नेहमी कुतूहल वाटतं. मे महिन्याच्या आधी पण वेठ म्हणजे काय होतं? सकाळी उठून जमीनदाराच्या खळ्यावर चालत जाणारे पाय. एकटा नाही गेला तर त्याला झाडाला बांधून मारत. गावंच्या गावं त्या सकाळी गेली नाय, तेव्हा जमीनदार कोणाकोणाला बांधणार? तो तोच होता, त्याची बंदूक तीच होती. मारणारा सुद्धा आपल्याच माणसांच्या हातून मारायचा.

म्हणून जी पोरं म्हणतात म्हातारे घाबरट, त्यांना मी सांगते, एकट्या बाबांनी कोंबडी दिली नसती तर फक्त आमची नागली उपटली गेली असती. आणि ज्या बाया म्हणतात व्यवस्थाच तशी, त्यांना पण सांगते, व्यवस्था आमच्या अंगणात दाणे टिपत होती आणि दाणे मी टाकत होते.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, जरा लाज वाटते. वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, हा नियम आहे. माझं नाव घातलं. पहिल्या मीटिंगला मी शाळेच्या वर्गात शिरले आणि सरळ मागे, दाराजवळ जाऊन बसले. इथे संघटनेत मी माईकवर बोलते, मोर्चात घोषणा देते. तिथे मला कोणी म्हटलं नव्हतं मागे बस. माझे पाय गेले. बाकीच्या चार बाया माझ्या बाजूला येऊन बसल्या, कारण मी बसले होते. पुढे पुरुषांनी नकाशा काढला. आमच्या पाणवठ्याची वाट, सरपणाची वाट, कंदमुळं खणायची जागा, यातलं काही त्यात आलं नाय. त्यांनी मुद्दाम टाळलं असंही नाय, त्यांना त्या वाटा ठाऊकच नव्हत्या. दुसऱ्या मीटिंगला आम्ही पाच जणी आधी जाऊन फळ्यासमोर बसलो. दोन काका बाहेरच उभे राहिले थोडा वेळ. आता नकाशात त्या वाटा आहेत. पण मागच्या महिन्यात मी आजारी होते, तर बाकी चौघी परत दाराजवळ बसल्याचं कळलं.

आणि कोंबडीचं काय झालं? या वर्षी पण गार्ड आला. बाबा उठले, सवयीने खुराड्याकडे निघाले. आईने हाक मारली, थांबा. मी कायद्याचं पुस्तक आणलं, पडताळणी पुरी होईपर्यंत दावेदाराला हटवता येत नाय ते कलम वाचून दाखवलं. वाचताना आवाज कापत होता. तो चिडला, पंचनामा लिहिला. मी सगळा वाचला आणि मगच बाबांना अंगठा करू दिला. तर आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा जंगलखात्याचा कागद आला. आता हसू नका, तो कागद 2005 नंतरचा, दाव्याला त्याचा उपयोग नाय. पाड्यातल्या आणखी सहा घरांनी या वर्षी काही दिलं नाय. तीन घरांनी दिलं. त्यांना मी दोष देत नाय. त्यांची पोरं लहान आहेत.

मग आमचा दावा कशावर उभा? कायद्याच्या नियमात पुरावे आणखी पण आहेत. जमिनीवर केलेलं काम, म्हणजे बांध, सपाटी, घर. जुनी विहीर, पुरायची जागा, देवाचं ठिकाण. आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब, लिहून घेतलेला. "दावेदार सोडून" हे नीट ऐका. तुमच्या जमिनीबद्दल तुम्ही कितीही शपथा घ्या, तुमची साक्ष चालत नाय. शेजाऱ्याची चालते. आमच्या वरकसाला लागून ज्यांचं शेत आहे त्या घराशी आमचं बांधावरून भांडण. नऊ वर्षं बोलणं नाय, लग्नाला जाणं नाय. त्या घरची आजी पाड्यात सगळ्यात म्हातारी. माझ्या आजोबांनी तो बांध घातला तेव्हा दगड उचलायला ती पण होती.

बाबा जायला तयार नव्हते. दोन महिने घरात यावरून कटकट. शेवटी मागच्या रविवारी गेले, मी बरोबर. आजीने बसायला सुद्धा सांगितलं नाय. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बांध माझाच हाय, ते मी सोडणार नाय. पण जमीन तुझा बाप कसत होता, ते मी सांगेन. त्यांचा पण दावा हाय ना? मग तुझ्या बायकोने आमचं सांगायचं." तेवढ्यावर ठरलं.

पडताळणी येत्या बुधवारी आहे. ज्यांच्या घरात साठीच्या पुढची माणसं आहेत त्यांनी त्यांना डोलीत घालून आणावं लागलं तरी आणा, उन्हं चढायच्या आत. ज्यांचं कोणाशी भांडण आहे त्यांनी मंगळवारपर्यंत जाऊन या. लिहून घ्यायला आम्ही चौघं आहोत, कार्बन पेपर आणि पॅड घेऊन येतो. जबाब घरच्या बोलीत सांगा, आम्ही तसाच लिहू. आणि लिहिलेला वाचून घेतल्याशिवाय अंगठा करू नका, आमच्यासमोर सुद्धा.