इंजिनाचे हेड आणि त्याची जोड



बैलगाड्यांची शर्यत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. गाडा सुटतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. शर्यतीचा जाणकार माणूस बैल पारखताना नुसता बैल पाहत नाही, तो आधी विचारतो, "याला जोड कुठला?" एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा अडखळणारा असला, तर चांगल्या बैलाचेही पाय गुंततात. आज मी अशाच एका शर्यतीविषयी बोलणार आहे. मात्र तिथे बैल नाहीत, मोटारी आहेत.

ही शर्यत अमेरिकेतली. तिला 'ड्रॅग रेस' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण मंडळी जुन्या मोटारींची इंजिने सुधारून त्या भर रस्त्यावर पळवू लागली. अपघात होऊ लागले. तेव्हा या हौसेला शिस्त आणि सुरक्षित मैदान मिळावे म्हणून 1951 साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढली. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्याची खूण होताच सुटतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे 1,320 फूट धावतात. ना वळण, ना घाट. सर्वांत वेगवान मोटारींसाठी मात्र 2008 साली एका चालकाच्या मृत्यूनंतर हे अंतर 1,000 फुटांवर आणले गेले.

या शर्यतीत धनवान लोक आहेत, तसे आपल्या पगारातून पैसे साठवून घरच्या छपरात इंजिन बांधणारेही आहेत. अशा माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे सर्वांत मोठे हेड विकत घेणे. ते 'हेड' म्हणजे काय, हे आधी पाहू.

इंजिनाच्या सिलिंडरवर जे जाड झाकण बोल्टांनी आवळलेले असते, ते हेड. पण ते नुसते झाकण नव्हे. हवा आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची वाट त्यातच असते, त्या वाटांची दारे म्हणजे व्हॉल्व्ह त्यातच असतात आणि इंधन पेटते ती पोकळीही बव्हंशी त्यातच असते. इंजिन किती श्वास घेईल हे हेड ठरवते.

मग मोठी वाट चांगली नाही का? आपल्या पाटाचे उदाहरण घ्या. विहिरीचे पाणी बेताचे आणि पाट मात्र कालव्याएवढा रुंद खणला, तर पाणी पुढे सरकतच नाही. पाट फारच अरुंद केला, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. हवेचेही तसेच आहे. वाट फार मोठी असली, तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट भरत नाही आणि मोटार जागेवरून उठताना ढिली पडते. वाट लहान असली, तर जास्त फेऱ्यांवर इंजिनाचा दम कोंडतो.

किती हवा लागेल याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येतो. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीचे 350 घन इंचांचे आठ सिलिंडरी इंजिन शर्यतवाल्यांच्या फार आवडीचे. असे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पुरता श्वास घेते. मिनिटाला 6,000 फेरे झाले, तर 3,000 श्वास. 350 गुणिले 3,000 म्हणजे साडेदहा लाख घन इंच. त्याला 1,728 ने भागले, की मिनिटाला सुमारे 608 घनफूट हवा आली. कार्बोरेटर आणि हेड या आकड्याला धरून निवडायचे. शेजाऱ्याच्या मोटारीकडे बघून नव्हे.

दुसरा हिशेब दाबाचा. या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सुमारे 717 घन सेंटिमीटर जागा व्यापतो. तो अगदी वर आला असता हेडमधली पोकळी, गॅस्केटची जाडी वगैरे धरून समजा 80 घन सेंटिमीटर जागा उरली. 717 अधिक 80 म्हणजे 797. त्याला 80 ने भागा. दाबाचे प्रमाण सुमारे दहास एक. आता याच इंजिनावर 12 घन सेंटिमीटर मोठ्या पोकळीचे हेड चढवले, की तेच प्रमाण पावणेनऊच्या जवळपास उतरते. पैसे खर्चून जोर कमी! उलट पोकळी फार लहान घेतली आणि पेट्रोल साधे वापरले, तर इंजिन ठोके मारू लागते आणि पिस्टन फुटू शकतो.

आता व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट. शर्यतीचा कॅम हवेचे दार जास्त वेळ उघडे ठेवतो. जास्त फेऱ्यांवर ते फायद्याचे; पण कमी फेऱ्यांवर आत आलेली थोडी हवा परत ढकलली जाते. म्हणून अशा कॅमला दाबाचे प्रमाण वाढवून द्यावे लागते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही त्याच्या जोडीच्या लागतात. स्प्रिंग कमजोर असली, तर वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो. क्षणात हजारो रुपयांचे भंगार!

हे टाळण्यासाठी तिकडचे कारागीर एक साधी युक्ती करतात. पिस्टनवर मऊ मातीचा थर देतात, हेड बसवतात आणि इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवतात. हेड काढून माती कापून पाहिली, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामध्ये किती जागा उरते ते दिसते. तिथे व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडत असतील, तर ते शर्यतीआधी कळते.

एवढे करूनही गिअरचे प्रमाण आणि मोटारीचे वजन इंजिनाशी जुळले नाही, तर जोर चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून शहाणा माणूस आधी ठरवतो: मोटार किती जड, इंजिन किती फेऱ्यांवर चालवायचे, पैसे किती. मग हेड, कॅम, स्प्रिंगा, पिस्टन आणि कार्बोरेटर यांची एकत्र यादी करतो आणि त्यानंतरच खिशात हात घालतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्या मोटेला आणि पंपाला या अमेरिकेचा काय उपयोग? तर माझीच फजिती सांगतो.

आमच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनाचे हेड गॅस्केट एकदा ऐन थंडीत जळाले. दुकानातून मिळाले ते बसवले. ते जरा जाड होते. मी विचारले, तर बसवणारा म्हणाला, "बसतंय ना? मग झालं!" दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू होईना. हँडल मारून मारून खांदे भरून आले; नुसता पांढरा धूर. आठ दिवस पाणी लांबले आणि कांद्याच्या पातीने माना टाकल्या.

शेवटी शेजारच्या गावचे म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवला, हेड आवळले, चाक हाताने फिरवले आणि चेपलेली तार मोजली. ती कंपनीने दिलेल्या मापापेक्षा जाड निघाली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटते. जाड गॅस्केटने वरची जागा वाढली, दाब घटला आणि थंडीत हवा पुरेशी तापेना. योग्य मापाचे गॅस्केट घातल्यावर दुसऱ्या हँडलला इंजिन बोलू लागले. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "गुरुजी, वस्तू बसली म्हणजे जुळली असं नाही."

अमेरिकेत मातीचा थर आणि आमच्या मळ्यात शिशाची तार, काम एकच.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, इंजिनाचा एखादा भाग बदलाल, तेव्हा इंजिनाचा नमुना आणि भागाचा क्रमांक लिहून दुकानात जा, जुना भाग बरोबर न्या आणि हेड आवळण्याआधी मिस्त्रीला मोकळी जागा मोजायला लावा. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या आठवड्यात मुलांना एखाद्या इंजिनापाशी घेऊन जा. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव त्याच्या पाटीवरून किंवा पुस्तिकेवरून लिहून घ्या आणि घनफळ मुलांना काढू द्या. वर्गातला वृत्तचितीचा पाठ तिथे त्यांना नीट समजेल.