फरशी फुटते, दोष तळाचा



हौसेने स्वयंपाकघरात टाइल्स बसवल्या आणि दोन पावसाळ्यांत तडकल्या, ही तक्रार काळ्या जमिनीवरच्या गावांत नेहमीचीच. दोष टाइलला देऊ नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात भेगा पडतात, तेच घराखालीही होते.

आधी पारख करा. एखादीच टाइल फुटली आणि ठोकल्यावर पोकळ वाजली, तर तिच्याखाली माल कमी पडला आहे. तेवढीच काढून भरपूर मालावर नवी बसवा. पण तडा एका रेषेत बऱ्याच टाइल्समधून गेला असेल, तर तळच हलला आहे. त्यावर नवी टाइल चिकटवली तर पैसा वायाच जाईल.

अशा वेळी काळी माती दोन-तीन फूट काढा. मात्र पाया उघडा पडणार नाही, हे गवंड्याकडून पाहून घ्या. मग चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपा. त्यावर दगडांचे सोलिंग, चार इंच काँक्रीट, आठवडाभर पाणी, आणि मगच टाइल.

मोरीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. नाली काढून परसबागेला द्या. खर्च थोडा जास्त होईल, पण तो एकदाच होईल.