दारावरचा डोळा

(लेस्टर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





गेली अनेक वर्षे या व्यासपीठावरून मी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवर बोलत आलो आहे, आणि माझे भाषण संपताच आपण सर्वजण गुलाबजामांच्या टेबलाकडे वळता, हेही तितकीच वर्षे पाहत आलो आहे. या वेळी कार्यकारिणीने मला घराच्या दारावर बसवायच्या कॅमेऱ्यांविषयी बोलायला सांगितले. हा विषय एखाद्या अभियंत्याचा, असे मी प्रथम म्हणालो. नंतर विचार करता लक्षात आले की, हे कॅमेरे माझ्या दवाखान्यात केव्हाच येऊन पोहोचले आहेत. झोप लागत नाही म्हणून येणारा रुग्ण खिशातून मोबाइल काढतो आणि रात्री अडीच वाजता आपल्या अंगणात आलेले मांजर मला दाखवतो.

आपण या शहरात कसे राहतो, हे मी आपणास सांगायला नको. बेलग्रेव्ह असो, हायफील्ड्स असो की एव्हिंग्टन रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्या असोत, भिंतीला भिंत लागलेली ओळीतली घरे, पुढचे दार थेट पदपथावर आणि मागे चिंचोळी बोळ. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो आणि घरातील कर्ती माणसे सहाच्या आत परतत नाहीत. आशियाई घरांत सोने असते, हे चोरांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब गेलो असताना आमच्या घराचे मागचे दार फोडले गेले. रोकड फारशी नव्हती. आईची बोरमाळ गेली. माझ्या वडिलांनी पहिल्या वर्षाच्या पगारातून पै-पै साठवून ती केली होती. विम्याचे पैसे आले, आणि त्या पैशांकडे आईने ढुंकूनही पाहिले नाही. त्याच आठवड्यात मी तीन कॅमेरे विकत घेतले. एक दारघंटीत बसवलेला, एक मागच्या अंगणावर रोखलेला आणि एक बैठकीच्या खोलीत. साधा घरातला कॅमेरा आज वीस-तीस पौंडांत मिळतो. एके काळी पेढ्यांना आणि जवाहिऱ्यांनाच परवडणारी ही वस्तू आता कोणाही कामगाराच्या आवाक्यात आली आहे, आणि ही काही वाईट गोष्ट नव्हे.

या वस्तूचा उगम फारच थोड्यांना ठाऊक असतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत असे. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, पतीच्याही तशाच. वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस बोलावले तर यायला उशीर. १९६६ साली तिने पतीसह एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार झरोके, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा, शयनगृहात त्याचे चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि दूरूनच दार उघडण्याचे बटण. डिसेंबर १९६९ मध्ये तिला पेटंट मिळाले. आज आपल्या दारावर जी घंटी आहे, तिचा मूळ आराखडा असा रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेच्या भीतीतून निघाला. तिच्या यंत्रणेत एक गोष्ट मला विशेष वाटते. तिचा कॅमेरा दाराबाहेर पाहत होता. घरातल्या माणसांकडे त्याची पाठ होती.

कॅमेऱ्याने चोरी थांबते का? सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांवरील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. गुन्ह्यांत माफक घट दिसते, ती वाहनतळांवर सर्वांत ठळक. हिंसक गुन्ह्यांवर मात्र परिणाम जवळजवळ दिसत नाही. आपल्यापैकी जे १९९३ मध्ये या देशात होते, त्यांना बूटलच्या बाजारसंकुलातील ते अस्पष्ट चित्र आठवत असेल : दोन मोठी मुले एका चिमुकल्याचा हात धरून त्याला घेऊन चाललेली. कॅमेऱ्याने सारे पाहिले होते. पोलिसांना त्याचा पुढे उपयोग झाला, पण मूल वाचले नाही. तेव्हा कुलूप, खिडकीची कडी, बोळातला दिवा आणि लग्नाचे सोने बँकेच्या तिजोरीत ठेवणे, ही कामे आधी करावीत, कॅमेरा त्यांच्यानंतर.

आता माझ्या घराची हकीकत. दारघंटी बसवल्यावर पहिल्या महिन्यात माझा मोबाइल दिवसभर किणकिणत राहिला. टपालवाला, कोल्हा, वाऱ्याने उडालेली पाने, शाळेतून परतणारी मुले, सगळ्यांची वर्दी मला दवाखान्यात पोहोचत असे. रुग्णांना मी सांगतो की, झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवा. आणि मी स्वतः मध्यरात्री उठून रिकामे अंगण न्याहाळत असे. भीती शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा खात्री करून घेणे हा भीती वाढवण्याचाच मार्ग आहे, हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. शेवटी मुलीने कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी केली, रस्त्याचा भाग वगळला आणि रात्री केवळ मागच्या दाराची सूचना येईल अशी व्यवस्था केली. हे काम पाच मिनिटांचे होते. मी चार महिने केले नव्हते.

त्यानंतर शेजारीणबाई आल्या. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या इंग्रज विधवा. अतिशय अदबीने त्यांनी विचारले, "डॉक्टर, मी माझ्या दारात बहिणीशी फोनवर बोलते, ते तुमच्या घंटीला ऐकू येते का?" मी तपासून पाहिले. शब्द न् शब्द ऐकू येत होता. मला ओशाळल्यासारखे झाले. बंधूंनो, या देशाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. आपला कॅमेरा आपल्या हद्दीपुरताच पाहत असेल, तर प्रश्न नाही. तो पदपथ, शेजाऱ्याचे अंगण किंवा दार टिपू लागला की, माहिती-संरक्षणाचा कायदा आपल्याला लागू होतो. मग फलक लावून तसे कळवणे, जरुरीपेक्षा जास्त काळ चित्रण न ठेवणे, ज्याचे चित्रण झाले त्याने मागितल्यास ते त्याला देणे, ही आपली जबाबदारी ठरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने अशाच एका दारघंटीच्या खटल्यात शेजारणीच्या बाजूने निकाल दिला. त्यात न्यायाधीशांचा विशेष रोष होता तो आवाजावर, कारण ध्वनिग्रहण फार दूरवरचे होत होते आणि चोरी रोखण्यासाठी त्याची गरज नव्हती. मी त्याच संध्याकाळी आवाज बंद केला आणि घंटीचा कोन वळवला.

हद्द हा शब्द आला म्हणून थोडे विषयांतर करतो. माझ्या आईचे वडील सातारा जिल्ह्यातील एका गावचे वेसकर होते. तरुण मंडळींना हा शब्द ठाऊक नसेल. गावाची वेस राखणे, रात्री आल्यागेल्याची विचारपूस करून पाटलाला खबर देणे, हे महार वतनदाराचे काम. गावाच्या शिवेवरून तंटा झाला तर त्याचीच साक्ष ग्राह्य धरत, कारण शीव त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नसे. ज्या गावाची तो राखण करी त्या गावात त्याला घर नव्हते; उजाडल्यावर तो वेशीबाहेरच्या वस्तीत परते आणि मोबदला म्हणून दारोदार भाकर मागे. या वतनाच्या जोखडातून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या पश्चात. राखण करणारा आणि ज्याच्यावर सदैव नजर आहे असा, ही दोन्ही माणसे एकच होती, हे आपल्या घराण्यांच्या स्मृतीत आहे.

हे मला आठवले ते बैठकीच्या खोलीतील कॅमेऱ्यामुळे. तो मी चोरांसाठी बसवला असे सर्वांना सांगितले होते. खरे कारण आई होती. वय त्र्याऐंशी, दोनदा पडलेली, दिवसभर घरात एकटी. दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मी मोबाइलवर तिला पाहत असे. आई खुर्चीत आहे, ठीक. आई स्वयंपाकघरात गेली, आता परत येईल. काही आठवड्यांनी ती चित्रात दिसेनाशी झाली. घरी येऊन पाहतो तो तिने आपली खुर्ची कपाटाच्या आडोशाला ओढून नेलेली. जिथे ऊन येत नाही, दूरदर्शन संच दिसत नाही, अशा कोपऱ्यात ती दिवसभर बसत होती. मी रागावलो. तिने विचारले, "तू मला बघतोस, ते मला इचारलं व्हतंस का?" मी काळजीविषयी बोलू लागलो. ती म्हणाली, "माझा बा रातभर वेशीवर बसायचा. आल्यागेल्याला हटकायचा. पन कुनाच्या घरात वाकून बघितलं न्हाई त्यानं."

मी डॉक्टर आहे. मानसिक क्षमतेविषयीचा २००५ चा कायदा मी कनिष्ठ सहकाऱ्यांना शिकवतो : प्रौढ माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो असेच धरून चालावे, आणि त्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही एवढ्यावरून त्याची क्षमता गेली असे मानू नये. परक्या वृद्धांना मी हा हक्क दररोज देत होतो. कॅमेरा मी उतरवला. पुढे जे करायला हवे होते ते केले. जिन्याला दुसरा कठडा, न्हाणीघरात पकडायला दांडा, घसरणारी गालिचे बाद, चष्म्याची तपासणी, रक्तदाबाच्या एका गोळीची मात्रा कमी आणि गळ्यात अडकवायचे धोक्याच्या सूचनेचे बटण. पडणे टाळण्यास ही साधने उपयोगी पडतात. कॅमेरा फार तर पडल्याचे सांगतो.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट बोलणे मला भाग आहे, जरी ती या आनंदाच्या प्रसंगी काहींना रुचणार नाही. सून किती वाजता बाहेर गेली, कोणाबरोबर परतली, मुलीने दारात कोणाशी हसून बोलले, याची नोंद ठेवण्यासाठी हे यंत्र वापरले जाते. अशा स्त्रिया डोकेदुखी घेऊन माझ्याकडे येतात. जवळच्या माणसावर पाळत ठेवून त्याला धाकात ठेवणे हा या देशात २०१५ पासून गुन्हा ठरू शकतो. ज्यांनी वाडवडिलांवरची नजर सोसली, त्यांच्या घरात हे घडावे याची मला लाज वाटते.

भारतातील आईवडिलांच्या घरी कॅमेरे बसवलेली मंडळी या सभागृहात बरीच आहेत. हिवाळ्यात येथे रात्रीचा एक वाजला की नागपुरात साडेसहा वाजलेले असतात, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आपण वडिलांना अंगण झाडताना पाहतो. ही माया मी समजू शकतो. मीही ते केले असते. माझी विनंती इतकीच की, त्यांना विचारून बसवा, तो बंद कसा करायचा हे त्यांना शिकवा, आणि पाहण्याऐवजी अधूनमधून फोन करा.

तांत्रिक बाबी थोडक्यात. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. एप्रिल २०२४ पासून या देशात सहज ओळखता येणारे ठरावीक पासवर्ड देऊन अशी उपकरणे विकण्यास बंदी आहे, पण माळ्यावरून काढलेल्या जुन्या कॅमेऱ्याला ती वाचवत नाही. चित्रण कोठे साठते ते विचारा : घरातल्या कार्डावर की कंपनीच्या संगणकावर. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रिंग या कंपनीवर आरोप ठेवला की, तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहता येत होती. कंपनीने अठ्ठावन्न लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. आणि दरमहा वर्गणी किती हे आधी पाहा. कॅमेरा स्वस्त असतो, वर्गणी वर्षानुवर्षे चालते.

गेल्या हिवाळ्यात आई पुन्हा पडली, न्हाणीघरात. बटण गळ्यात नव्हते, खुंटीवर होते. तिने भिंतीवर वाटी आपटली. शेजारीणबाईंनी ती ऐकली. आवाजाच्या त्या प्रकरणानंतर आमचे जाणे-येणे वाढले होते आणि आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांची आमच्याकडे. त्या दार उघडून आत आल्या, आईच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला आणि मला फोन केला. हाड मोडले नव्हते. दारघंटीच्या कॅमेऱ्यात त्या दिवसाचे एकच चित्र आहे : घरातल्या सपाता घालून, पावसात, किल्ली हातात घेऊन धावत येणाऱ्या त्या बाई. ते मी पुसलेले नाही. त्यांची परवानगी मात्र घेतली आहे.

जय भीम!