कादंबांच्या थव्यातील कलहंस

थंडीचे दिवस सुरू झाले की महाराष्ट्रातील मोठ्या जलाशयांवर दूरदेशीच्या पाणपक्ष्यांचे आगमन होते. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर, पैठणचा नाथसागर आणि भिगवण परिसरातील उजनीचा फुगवटा ही त्यांची प्रमुख आश्रयस्थाने होत. या पाहुण्यांमध्ये तिबेट, मंगोलिया व लडाख येथून हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब विशेष लक्ष वेधून घेतो. त्याच्याच थव्यात क्वचित प्रसंगी एखादा कलहंस मिसळलेला असतो. उत्तर भारतात कलहंस मोठ्या संख्येने उतरतो. दख्खनच्या पठारावर मात्र त्याचे दर्शन तुरळकच.

पट्टकादंबाची ओळख त्याच्या नावातच आहे. पांढऱ्या मस्तकाच्या मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे, फिकट राखी अंग, करड्या मानेच्या दोन्ही बाजूंनी उतरणारी पांढरी रेघ, काळ्या टोकाची पिवळी-नारिंगी चोच आणि नारिंगी पाय. कलहंस आकाराने थोडा थोराड व रंगाने तपकिरी-करडा असतो. त्याच्या चेहऱ्यावर पांढरा रंग नसतो. चोच जाड व गुलाबी, पायही गुलाबी असतात. उडताना त्याच्या पंखांचा पुढील भाग फिकट रुपेरी दिसतो.

वर्णन ऐकताना हा भेद सोपा वाटतो. परंतु काठावर उभ्या असलेल्या निरीक्षकाची फसगत येथेच होते. पहिल्या हिवाळ्यातील कोवळ्या पट्टकादंबाच्या डोक्यावर ते दोन पट्टे उमटलेले नसतात. माथ्यापासून मानेच्या मागपर्यंत एकच गडद छटा असते. पट्टे दिसले नाहीत, म्हणून तो कलहंस ठरवला जातो. अशा वेळी चेहरा पाहावा. गाल व गळा पांढुरके असतील, तर तो पट्टकादंबाचा पोरसवदा पक्षी होय. चेहरा सर्वत्र तपकिरी आणि चोच गुलाबी असेल, तरच कलहंस म्हणावे. एका खुणेवर निर्णय न देता चेहरा, चोच, पाय व अंगाचा रंग या चारही गोष्टी पडताळून पाहाव्यात. दुरून भ्रम निर्माण करणारे आणखी दोन पक्षी आहेत. चक्रवाक नारिंगी-तपकिरी असतो, तर नकट्याच्या नराच्या चोचीवर काळा उंचवटा असतो.

एवढी काटेकोर ओळख कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते व तिचा भार मुख्यतः स्वयंसेवक वाहतात. १९७१ च्या रामसर करारानुसार, एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी किमान १ टक्का पक्षी येत असतील, तर तिला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळू शकते. दुसऱ्या निकषासाठी जातवार आकडेच लागतात. नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले. रोगराईच्या काळातही जातवार माहिती मोलाची ठरते. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो वन्य पक्षी दगावले; त्यांत पट्टकादंबांची संख्या मोठी होती. कोणती जात कोठून कोठे जाते, हे माहीत असल्याखेरीज अशा साथीचा माग काढता येत नाही.

म्हणून गणनेत भाग घेणारे विद्यार्थी, शिक्षक व काठावरचे मच्छीमार बांधव यांनी एक पथ्य पाळावे. पक्ष्यांना न उडवता पुरेशा अंतरावरून पाहावे, दिसलेल्या खुणा जागीच लिहून ठेवाव्यात आणि शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे. खात्री नसेल, तर वहीत ‘कादंब, जात अनिश्चित’ अशी नोंद करावी. दुर्मीळ पक्षी पाहिल्याचा आनंद मोठा खरा. पण चुकीने लिहिलेला एक कलहंस वर्षानुवर्षे नोंदींत राहतो आणि पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतो. प्रामाणिकपणे नोंदवलेली शंका मात्र कोणाचीच दिशाभूल करीत नाही.