भिंतीवरची अक्षरे



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून या व्यासपीठांवर वेदान्तापासून व्यापारापर्यंत सारे विषय होऊन गेले. मी काही पंडित नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि बऱ्याच अंशी रस्त्यावरच्या भिंती वाचून. चालकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा भिंतींवरच बोलावे असे मी ठरवले.

भिंतीवर लिहिणे हा टवाळांचा धंदा आहे, असे सभ्य लोक समजतात. म्हणून जरा जुना दाखला देतो. इटलीतले पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते उकरून काढले तेव्हा भिंतींवर निवडणुकीचे मजकूर जसेच्या तसे निघाले. अमक्याला निवडून द्या, असे सोनार सांगतात, फळविके सांगतात, खेचरे हाकणारे सांगतात. म्हणजे धंद्याधंद्यांचे संघ होते आणि त्यांना आपले मत भिंतीवर मांडण्याची अक्कल होती. लिहिणारे टोळीने निघत. एक जण भिंतीला सफेदी देई, एक दिवा धरी, एक शिडी सांभाळी आणि एक लिही. एमिलियस सेलर नावाच्या एका लेखकाने मात्र आपण हे एकट्याने, चांदण्यात लिहिले, अशी नोंद करून ठेवली आहे. ते वाचून मला हसू आले, कारण आमचीही टोळी अगदी अशीच असे. बादलीवाला, कुंचलेवाला आणि कोपऱ्यावर शीळ घालणारा, असे तीन आसामी. चांदणे मात्र आम्हाला नको असे.

आता सामानाविषयी थोडे अधिक बोलतो, कारण पुस्तकांतून हे कोणी सांगत नाही. विरवलेला चुना घ्यायचा, त्यात भिजवलेला डिंक किंवा सरस घालायचा, नाहीतर पहिल्या सरीला घोषणा वाहून जाते. तांबडे अक्षर हवे तर गेरू किंवा हिरमुजी. निळे हवे तर कपड्याची नीळ. काळ्यासाठी काजळी. ब्रशला पैसे नसले तर घायपाताचा वाख ठेचून कुंचला बांधायचा. या साहित्यानेच भिंतीवरच्या देवनागरीला तिचे रूप दिले आहे. आपले छापील अक्षर बोरूच्या वळणावरून आलेले. एक रेघ जाड, दुसरी बारीक. निर्णयसागरच्या पोथ्या आठवा. वाखाच्या गोल कुंचल्याला ही नजाकत जमत नाही. त्याची रेघ सगळीकडे सारखीच जाड उठते. त्यामुळे भिंतीवरचे अक्षर चौकोनी, ठोकळेबाज, दुरून वाचता येईल असे झाले. शिवाय घाई. मी शिकलो तो असा की, आधी भिंतभर शिरोरेषा ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे तिला टांगायची. पोलीस मध्येच आले तरी ओळ वाकडी झालेली नसते. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा आधार नाही.

१९४२ साली ‘चले जाव’ ही दोन अक्षरी गर्जना देशभर भिंतींवर उमटली. (अक्षरे मोजू नका, शब्द मोजा.) लहान मजकूर आणि मोठे अक्षर, हा धडा पुढच्या सगळ्या चळवळींनी गिरवला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, बहुसंख्य मतदारांना वाचता येत नसल्यामुळे, पक्षांना चिन्हे दिली गेली आणि भिंतीवर अक्षरांच्या जोडीला चित्र आले. मग १९५६ ते १९६० ही संयुक्त महाराष्ट्राची वर्षे. ‘झालाच पाहिजे’ हे शब्द त्या काळी कोणी भिंतीवर अर्धेच लिहिले तरी वाचणारा उरलेले मनात पुरे करी.

सरकारनेही भिंती ओळखल्या होत्या. हिवतापाचा कर्मचारी फवारणीची तारीख घराच्या भिंतीवर मांडून जात असे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण तर वाडीवस्तीपर्यंत पोचला. माझ्या मते या देशात भिंतीवर सर्वांत जास्त लिहिले असेल ते सरकारनेच. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत, १९७५ ते १९७७, भिंत जवळजवळ त्याच्या एकट्याच्याच मालकीची झाली. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि आपल्या भोर-वेल्ह्याच्या शाळा-चावड्या सुविचारांनी भरून गेल्या. शेजारी वारली चित्रे आली. त्याबद्दल एक सांगायला हवे. ही चित्रे मुळात लग्नाच्या चौकासाठी वारली सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत. जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतर ती कागदावर नेली आणि जगभर पोचवली. आज कंत्राटदाराचा माणूस तीच बाहुली तेलरंगाने शाळेवर काढतो आणि तिला वारलीण ओळखायची नाही.

आता गिरणगावाकडे येतो. आपल्या मावळातून मुंबईला न गेलेले घर त्या काळी शोधून सापडले नसते. माझे वडील साचेखात्यात होते आणि गावकीच्या खोलीत राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी केवळ पगाराची नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने धंद्यातली एकच युनियन मान्य धरली होती आणि कामगारांना आपली युनियन आपण निवडायची होती. कायद्याने ज्याला बोलू दिले नाही तो भिंतीवर बोलला. गिरणीची भिंत लांबलचक, बिनखिडक्यांची, रस्त्याला लागून. अशी पाटी कुणाला मिळते? तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. वडील गावी परतले आणि पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरण्यांच्या जागी पुढे मॉल आणि मनोरे उभे राहिले. घोषणा कोणी पुसल्या नाहीत, भिंतीच पाडल्या.

याच सुमारास अमेरिकेत वेगळेच चालले होते. न्यूयॉर्कमध्ये एक निरोप्या पोरगा जाईल तिथे आपले टोपणनाव आणि आपल्या गल्लीचा आकडा लिहीत सुटला. टाकी १८३. १९७१ साली तिथल्या मोठ्या वृत्तपत्राने त्याच्यावर लिहिले आणि मग शेकडो पोरे निघाली. आगगाडीचे डबेच्या डबे रंगले. अक्षरे फुगली, एकमेकांत गुंतली, शेवटी अशी झाली की जाणत्याखेरीज कोणाला वाचता येऊ नयेत. १९८९ पर्यंत त्या शहराने आपल्या गाड्या धुऊन काढल्या, पण ती शैली तोवर जगभर गेली होती. आपल्याकडे डाकू या नावाने वावरणाऱ्या कलावंताने ती देवनागरीत आणली. शिरोरेषा ताणली, वाकवली. मला ते काम आवडते.

फरक मात्र ध्यानात घ्या. आमच्या माणसाने युनियनचे नाव लिहिले, स्वतःचे कधीच नाही. त्या पोराने स्वतःच्या नावाखेरीज काही लिहिले नाही. तरी दोघांचे दुखणे एकच होते, त्यांचे म्हणणे छापणारा कोणी नव्हता. मग राजगडावर, तोरण्यावर दगडात बदामाचे चित्र कोरून नाव लिहिणाऱ्याला काय म्हणावे, असे तुम्ही विचाराल. त्याचा पूर्वज गोरा साहेब आहे. जॉन स्मिथ याने २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपले नाव खरडले. गडाची भिंत कोरी नसते, ती आधीच बोलत असते. तिच्या बोलण्यात आपले नाव घुसडणारा गिरणीच्या भिंतीवर लिहिणाऱ्याचा भाऊबंद नव्हे. २०१० पासून संरक्षित वास्तूच्या अशा नासधुशीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. राजगड तर २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या कायद्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती दुसरीकडे. १९९५ साली राज्यात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. परवानगीवाचून भिंतीवर लिहिणे गुन्हा ठरले. गुन्हा सर्वांनाच सारखा, पण पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात महिनाभर लटकतो आणि पगाराची मागणी सकाळपर्यंत पुसली जाते. फ्लेक्स आल्यावर गावोगावचे पेंटर बसले. ज्यांच्याकडे मी कुंचला धरायला शिकलो, त्यांच्या दुकानात आज मोबाइलची कव्हरे मिळतात.

ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई महापालिकेने तुळशी पाइप रोडची भिंत नागरिकांना रंगवायला खुली केली. शेकडो लोक आले, सुरेख चित्रे काढली. अटी होत्या, त्यांत राजकारण नको, ही एक. त्या रस्त्याचे सरकारी नाव सेनापती बापट मार्ग आहे. तोच बापट, ज्याने १९२१ ते १९२४ आपल्या शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह लढवला. त्याच्या नावाच्या रस्त्यावर राजकारणाखेरीज काहीही काढा, असे सांगितले गेले! २०१४ साली रणजित दहिया यांनी वांद्र्याला टेलिफोन कचेरीच्या उंच भिंतीवर दादासाहेब फाळके रंगवले. २०१७ साली ससून डॉकमध्ये कलावंत जमले आणि तिथल्या कोळ्यांचेच चेहरे भिंतीवर मोठे करून लावले. ही कामे चांगली आहेत, मी जाऊन पाहिली आहेत. ती लेखी परवानगीची आहेत, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात दोन वर्षांमागे एका कारखान्याच्या भिंतीवर कोणीतरी एका रात्री खडूने लिहिले, ‘आठ तास म्हणजे आठ तास.’ सकाळी कंत्राटी कामगारांच्या वह्या मागवून अक्षरे ताडून पाहिली गेली. तिघांचे गेटपास बंद झाले. खरा लिहिणारा कोण, हे मला आजही ठाऊक नाही आणि मी विचारलेले नाही. तरुण मला म्हणतात, काका, आता भिंत कशाला, व्हॉट्सॲप आहे. आहे खरे. पण तो निरोप आपल्याच गटात फिरतो. भिंतीवरचे वाचायला मालकालाही गाडीची काच खाली करावी लागते आणि ज्याला आपण ओळखतही नाही तो तिसऱ्या पाळीचा कामगार ते वाचून जातो.

म्हणून भाटघरपासून सुरुवात करावी असे मला वाटते. धरणाची भिंत मागत नाही, ती गेली शंभर वर्षे आपले काम करते आहे, तिला हात लावू नये. प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करून चावडीजवळची एकच भिंत मोकळी सोडावी. वर्षातून एकदा, दिवाळीला, तिला सफेदी द्यावी. तिच्यावर कोणी काय लिहावे याची अट घालू नये, फक्त कोणाची बेअब्रू करू नये आणि जातिधर्मावरून शिवी देऊ नये. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. चुना आणि डिंक युनियन देईल.