बांधाचा हिशेब

श्रोतेहो, मला बोलायला थोडीच मिनिटं दिली आहेत आणि सांगायची गोष्ट एकच आहे, म्हणून ती दोन-तीनदा सांगेन. क्षेत्र सारखं म्हणजे घेर सारखा, असं नसतं. आयताची लांबी गुणिले रुंदी आणि चारही बाजूंची बेरीज, हे सगळ्यांनी शाळेत घोकलंय. पण वाटणीच्या दिवशी बांधावर उभं राहिलं की ते कुणालाच आठवत नाही, भल्याभल्यांना नाही.

आपल्या अंबाजोगाईच्या परिसरात चार भावांत एक हेक्टर वाटायचं म्हटलं, की रस्त्याकडून मागच्या हद्दीपर्यंत उभे चार पट्टे पाडतात. शेत शंभर बाय शंभर मीटरचं धरा. प्रत्येकाला शंभर बाय पंचवीसचा पट्टा येतो, म्हणजे २५ आर. सातबारावर चौघांचं २५-२५ लागतं आणि सगळे खूश. पण पट्ट्याचा घेर किती? २५० मीटर. तेच २५ आर पन्नास बाय पन्नासचे असते, तर घेर २०० मीटर. क्षेत्रात गुंठ्याचाही फरक नाही आणि कुंपणात पन्नास मीटरचा! रानडुकरांसाठी तीन पदरी तार ओढायची, तर दीडशे मीटर तार जास्तीची. सातबारा क्षेत्र सांगतो, घेर सांगत नाही. त्यासाठी मोजणीचा नकाशा काढून पुढ्यात घ्यावा लागतो.

आया-बायांना हे लगेच कळेल, कारण त्यांनी गोधड्या शिवल्यात. मधलं कापड म्हणजे क्षेत्रफळ आणि कडेची पट्टी म्हणजे परिमिती. त्याच कापडाची लांबुळकी, अरुंद गोधडी केली तर कडेला पट्टी जास्त लागते. आपल्या संतकवी दासोपंतांनी ज्या कापडावर पंचीकरण लिहिलं ती पासोडी अशीच लांबच लांब होती. त्यांना ओव्या लिहायच्या होत्या, तुम्हाला सोयाबीन पेरायचंय! आता चार नातवंडं भांडली म्हणून आजीनं गोधडी उभी फाडली असं समजा. प्रत्येक फाडीला नव्यानं कड दुमडावी लागणार, आणि दुमडीत जातं ते कापड कुणाच्याच अंगावर येत नाही. शेतात ही दुमड म्हणजे बांध. चार पट्ट्यांमध्ये शंभर-शंभर मीटरचे तीन बांध, मीटरभर रुंदीचे धरले तरी तीन आर जमीन गेली. फुलीसारखे दोन बांध घातले तर जवळपास दोन आर जाते. पुढच्या पिढीत पट्ट्यांचे आणखी उभे दोन-दोन भाग झाले की बांध सात आणि बांधाखाली सात आर. शिवाय जितका बांध लांब, तितकी कोरायला जागा, आणि भाऊबंदकी कोरण्यावरूनच पेटते.

कुणी म्हणेल, गुरुजी, फुलीत मागच्या दोघांनी शेतात जायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. उभे पट्टे काही अडाणीपणानं पडलेले नाहीत. प्रत्येकाला रस्ता हवा, विहिरीचा वाटा हवा, चांगल्या-हलक्या मातीचा सारखा हिस्सा हवा. ट्रॅक्टरलाही लांब तास बरे, वळणं कमी पडतात. आणि बालाघाटाच्या उताराला आडवा पडणारा पट्टा असेल, तर तो मीही मोडू देणार नाही. पण सपाट रानात फुलीच्या पुढच्या अर्ध्या बांधाचाच तीन मीटरचा सामाईक रस्ता करा. जागेचा हिशेब उभ्या पट्ट्यांशी जवळपास बरोबरीत सुटतो आणि तार तरीही कमीच लागते. मुळात तार चौघांनी मिळून बाहेरूनच ओढली तर ४०० मीटरचा घेर, तिहेरी १२०० मीटर. चौघांनी आपापली ओढली तर उभ्या पट्ट्यांना ३००० मीटर. भांडण कितीला पडतं, ते असं मोजायचं!

आता वाटणी किती लहान चालते, ते बघा. तुकडेबंदीचा कायदा मुळात १९४७ चा, मुंबई प्रांताचा. २०२३ मध्ये जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ही किमान मर्यादा ठरली. कायदा बघतो ते क्षेत्र. शेत गोधडी आहे की चिंधी, हे कायदा विचारत नाही. ते तुम्हीच विचारायचं, मोजणीचे खांब रोवण्याआधी. पुन्हा सांगतो, क्षेत्र सारखं म्हणजे घेर सारखा नव्हे. पोरांना वहीवर चौकोन काढायला लावा, एक हेक्टरच घ्या: शंभर बाय शंभरला ४०० मीटर, दोनशे बाय पन्नासला ५००, चारशे बाय पंचवीसला ८५०.

शेततळ्याच्या अस्तराचंही बोलायचं होतं. तीस बाय तीसचं तळं म्हणजे नऊशे चौरस मीटर प्लॅस्टिक कागद, असा हिशेब करणारे आहेत. अहो, तो नुसता तोंडाचा चौकोन झाला. कागद उतारावरून खाली जातो, तळाशी पसरतो, पुन्हा वर येऊन काठावरच्या चरात दाबला जातो, तेव्हा आधी उताराची लांबी... बरं, स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत. तळ्याचं राहिलं.